काबुली चणा आणि दीडशे मीटर : शाळेच्या भिंतीपासून नेपच्यूनपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

आठवीच्या वर्गात आज एकच प्रश्न विचारला. हातात काबुली चणा धरला आणि म्हटलं, ही पृथ्वी. आता सूर्य किती मोठा आणि किती लांब ठेवू? उत्तरं आली ती अशी : लिंबाएवढा, एक वीत लांब. चेंडूएवढा, फळ्याच्या त्या टोकाला. सगळ्यात उदार पोरगा मैदानापर्यंत गेला. चूक पोरांची नाही. पुस्तकात सूर्यमालेचं चित्र एका पानावर मावायला हवं, म्हणून आठही ग्रह हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारखे खेटून बसवलेले असतात. मीही वीस वर्षं तेच चित्र फळ्यावर काढत आलो.

यंदा विज्ञान दिनाला तक्ते नाहीत. सूर्यमाला रस्त्यावर मांडायची. प्रमाण ठरवलं : १ मिलिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. हे प्रमाण सोयीचं आहे, १ मीटर म्हणजे १० लाख किलोमीटर, १ किलोमीटर म्हणजे १०० कोटी. पोरांना गणित तोंडी जमतं. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. चांगला टपोरा काबुली चणा, भिजवलेला नाही. सूर्य १३ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे १ मीटर ३९ सेंटिमीटर. तो शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर रंगवायचा. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर जातो, म्हणजे गावाची शीव ओलांडून उसात.

१८ डिसेंबर

आज किराणा दुकानात तासभर. खिशात व्हर्नियर कॅलिपर. दुकानदाराला वाटलं, अन्न-भेसळवाले आले. निवड अशी झाली : बुध उडदाचा दाणा (४.९ मिमी हवा, उडीद जेमतेम बसतो). शुक्र दुसरा काबुली चणा, पृथ्वीच्या चण्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारका. मंगळ सुका वाटाणा. आपला चंद्र ज्वारी. गुरू १४ सेंटिमीटरचा, त्यासाठी पपनस. शनी १२ सेंटिमीटरचा, सोललेला नारळ. युरेनस आणि नेपच्यून दोन लिंबं.

नारळ मुद्दाम घेतला. शनीची घनता पाण्याच्या घनतेच्या पाऊणपट पण नाही, त्यामुळे तो मावेल एवढा हौद असता तर तरंगला असता, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नारळ घंगाळात टाकला की तो तरंगतो. पोरांच्या लक्षात राहायला एवढं पुरे. फक्त शनी दोन्ही ध्रुवांकडे दबलेला आहे आणि नारळ उलट लांबट असतो. म्हणून नारळ आडवा टांगायचा. तरी खोटं ते खोटंच.

२२ डिसेंबर

मोजणी. टेप ३० मीटरचा, तो दीडशे वेळा कोण ओढणार? सायकल वापरली. पुढच्या चाकाला खडूची खूण, आरीला लाल चिंधी, एक जण सायकल ढकलतो, दोन जण वेढे मोजतात, एक जण वहीत रेघा ओढतो. चाकाचा घेर २ मीटर १८.

बुध ५८ मीटरवर, फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली. शुक्र १०८, मारुतीच्या पाराला लागून. पृथ्वी १५०, पाण्याच्या टाकीच्या खांबापाशी. मंगळ २२८, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. इथवर दहा मिनिटांत झालं आणि पोरांना वाटलं, जेवणाच्या सुट्टीआधी आटपेल. मग मंगळाच्या पुढे चालायला लागलो. डेअरी गेली. शेवटची घरं गेली. गुरू ओढ्याच्या पुलापलीकडे, ७७८ मीटरवर. "सर, मधे काहीच नाही?" हाच प्रश्न मला हवा होता.

अगदीच काही नाही असं नाही. डेअरीच्या अलीकडे ४१४ मीटरवर सेरेस येतो, लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा, व्यास ९४० किलोमीटरच्या आसपास. खसखशीचा एक दाणा. बाकीचे लघुग्रह या प्रमाणात धूळ. सिनेमात यानं दगडांमधून वाट काढत जातात, इथं ओढ्यापर्यंत एक खसखस.

२४ डिसेंबर

फोनवरच्या नकाशात तपासलं तर गुरूची खूण ७४२ मीटरवरच निघाली. ३६ मीटर कमी. म्हणजे ३ कोटी ६० लाख किलोमीटरची चूक. चाक पुन्हा मोजलं : २ मीटर ०८. वहीत ० चा १ मीच केला होता. वेढ्यांचा हिशेब त्याच आकड्यावर, म्हणून बुधापासून सगळे ग्रह सूर्याकडे सरकलेले. सगळं पुन्हा मोजलं. पोरं खूश, कारण चूक सरांची होती.

२९ डिसेंबर

भिंत. मधोमध खिळा, ६९ सेंटिमीटर ६ मिलिमीटरची सुतळी, टोकाला खडू. वर्तुळ झाल्यावर सातवीच्या मुलींनी व्यासावर चणे चिकटवून पाहिले. १०९ बसले. डिंक कमी पडला म्हणून शेवटचे चार हाताने धरले.

चित्रकलेच्या सरांना सूर्याला किरणं आणि जमल्यास चेहरा काढायचा होता. थोडी वादावादी झाली. तडजोड : किरणं नाहीत, चेहरा नाही, पण पिवळा रंग चालेल. खरा सूर्य अवकाशातून पांढरा दिसतो हे मी सांगितलं, त्यावर सर म्हणाले, पांढऱ्या भिंतीवर पांढरा सूर्य काढायला मला कशाला बोलावलंत? हे बरोबर होतं. त्यांनी तीन काळपट डागही दिले, त्यातला मोठा नेमका चण्याएवढा. खऱ्या सूर्यावर पृथ्वी सहज मावेल असे डाग नेहमी येत-जात असतात.

३ जानेवारी २०२६, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती, सकाळचा कार्यक्रम. योगायोग असा की आज रात्री पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. आमच्या रस्त्यावर ती टाकीच्या खांबापासून अडीच-तीन मीटर अलीकडे. मुलींना विचारलं, जवळ आहे तर थंडी का? स्वेटर घालून उत्तर शोधत बसल्या. एकीने शेवटी अक्षाच्या कलण्यावर आणलं.

आता या प्रकल्पातली माझी लाडकी गोष्ट. टाकीच्या खांबापाशी उभं राहून भिंतीकडे पाहिलं तर पिवळं वर्तुळ केवढं दिसतं? आभाळातल्या सूर्याएवढंच, बरोबर अर्धा अंश. माप आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात घेतल्यावर दुसरं काही होऊच शकत नाही, पण कागदावर कळणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. ग्रहणाचा चष्मा लावून आधी खरा सूर्य, मग चष्मा काढून भिंत. "सेम आहे सर!"

पुढची पायरी ज्वारीची. चंद्र पृथ्वीपासून ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे ३८ सेंटिमीटर. टाचणीच्या टोकाला ज्वारीचा दाणा डिंकाने चिकटवला, अर्ध्या मीटरची पट्टी गालाला टेकवली, दाणा ३८ च्या खुणेवर धरला, एक डोळा मिटला. दाण्याने वर्तुळ झाकायला हवं. झाकलं, पण कडा धुरकट दिसल्या. एकीची तक्रार, "दाणा फुगतोय." दाणा जवळ, भिंत लांब, आणि डोळ्याची बाहुलीच दोन-अडीच मिलिमीटर रुंद, त्यामुळे कड पसरते. पोस्टकार्डाला टाचणीने बारीक भोक पाडून त्यातून पाहायला लावलं, आणि कड स्वच्छ झाली. खग्रास ग्रहण!

मग दाणा पुढे-मागे. चंद्राचं अंतर सारखं नसतं, साधारण ३६ ते साडेचाळीस सेंटिमीटर असं बदलतं. ४० च्या पुढे सरकवला की दाण्याभोवती पिवळी बारीक कड उरते. कंकणाकृती. २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात कंकणाकृती दिसलं आणि आपल्याकडे खंडग्रास, तेव्हा ही पोरं बालवाडीत-पहिलीत होती. आज दोन रुपयांच्या ज्वारीत ती दोन्ही पाहून झाली. ओळीने तीस जणी, प्रत्येकीला दोन मिनिटं, शाळा सुटायची घंटा होऊन गेली तरी रांग हलेना.

७ जानेवारी

पारावर बसणाऱ्या मंडळींनी गाठलं. "नवग्रह लावताय म्हणे. राहू-केतू कुठं लावणार?" आधी वाटलं चेष्टा आहे, पण आजोबा गंभीर होते. प्रश्न चांगला आहे. आपल्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत, फक्त पायाखालची पृथ्वी नाही. राहू-केतूला दाणा देता येत नाही, कारण त्या वस्तू नाहीत, जागा आहेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंशांनी तिरकी आहे. ज्वारीचा दाणा कधी चण्याच्या साडेतीन सेंटिमीटर वर असतो, कधी तेवढाच खाली. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. जिथं दोन वाटा एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू.

तारेचं कडं करून खांबाला तिरकं लावलं, दोन ठिकाणी लाल दोरा बांधला. आजोबांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे ग्रहण तिथंच लागतं हे खरंय की." खरंच आहे. गिळण्याचा भाग सोडला तर.

१४ जानेवारी

संक्रांत, सुट्टी. काम नाही. फक्त ही टीप : काल एकाने विचारलं, इस्रोचं आदित्य-एल१ सूर्यावर गेलंय ना? टाकीच्या खांबापासून भिंतीच्या दिशेने दीड मीटर मोजायचं आणि तिथं खुंटी ठोकायची. ६ जानेवारी २०२४ पासून ते तिथं आहे, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर. भिंत अजून १४८ मीटर लांब. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने केली आहे, म्हणजे आमच्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, हे पाटीवर लिहायचंच. आणि भिंतीपासून ६ मीटरवर दुसरी खुंटी, नासाच्या पार्कर यानासाठी. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. दोन खुंट्या पाहिल्या की 'सूर्याकडे गेलं' आणि 'सूर्याजवळ गेलं' यातला फरक बोलून दाखवावा लागत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आकाशदर्शन. मूळ बेत गुरूच्या पुलावर जमायचा होता. तो मोडला, कारण जुन्नर तालुक्यात राहतो आणि ऊस उभा आहे. सूर्यास्तानंतर बिबट्याच्या भीतीने कोणी पोरांना ओढ्याकडे पाठवणार नाही, आणि मीही मागणार नाही. शाळेच्या गच्चीवर जमलो, पालक सोबत, फाटकात ट्यूबलाइट चालू. ओळखीच्या एका हौशी निरीक्षकाची सहा इंची दुर्बीण मिळाली.

पश्चिमेला चंद्रकोर, तिच्याजवळ शनी. दुर्बिणीतून पाहिलेल्या पहिल्या मुलाने तोंड वाकडं केलं : "कडी कुठंय?" कडी होती, पण काडी टोचलेल्या बोरासारखी. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि अजूनही आपण त्या जवळजवळ धारेवरूनच पाहतोय. कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर. आमच्या प्रमाणात त्यांचा व्यास २७ सेंटिमीटर आणि जाडी एका मिलिमीटरचा एक लाखावा भाग. मी नारळाभोवती लावलेला पुठ्ठा एक मिलिमीटरचा आहे. जगात एवढा पातळ पुठ्ठा मिळत नाही म्हणून क्षमा.

पूर्वेला गुरू, मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. याच महिन्यात १० तारखेला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, त्यामुळे झगझगीत. दुर्बिणीत त्याच्या बाजूला एका रेषेत ठिपके. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच पाहिलं, याहून वाईट दुर्बिणीतून. प्रत्येकाला वहीत ठिपक्यांची जागा काढायला लावली. दुसऱ्या दिवशी शनिवारी जे आले त्यांची चित्रं वेगळी निघाली. गुरूचा चंद्र आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, त्याच्या दोन फेऱ्यांत युरोपाची एक, चार फेऱ्यांत गॅनिमीडची एक. "पहिली चित्रं चुकली का सर?" नाही रे, चंद्र हलले.

२६ जानेवारीनंतरचा आठवडा

झेंडावंदन, स्नेहसंमेलन. फक्त पपनसाची नोंद : आकसलं. १४.३ चं १३.४ झालं. गुरूचा व्यास आठवड्यात नऊ हजार किलोमीटरने घटला. शिवाय उडदाला टोके लागले, बुध पोकळ. सगळे दाणे बदलून फेव्हिकॉल आणि वार्निशचा हात दिला. पपनसाच्या जागी रबरी चेंडू, त्याच मापाचा.

चेंडूभोवती चार चंद्र तारेवर लावले : आयो ४२ सेंटिमीटरवर, युरोपा ६७, गॅनिमीड १ मीटर ७ सेंटिमीटर, कॅलिस्टो जवळपास १ मीटर ९०. गॅनिमीडला तुरीचा दाणा लागतो, ५.३ मिमी. म्हणजे बुधाच्या उडदापेक्षा मोठा. एका मुलीला हे मुळीच पटलं नाही, 'चंद्र ग्रहापेक्षा मोठा कसा असेल'. दोन्ही कॅलिपरमध्ये धरून दिले. ती म्हणाली, "मग त्याला ग्रह म्हणा." सूर्याभोवती फिरला असता तर म्हटलं असतं.

४ फेब्रुवारी

सोमवारी कालव्याच्या पुलाजवळ, २ किलोमीटर ८७० मीटरवर, बांबूला लिंबू लावून युरेनस केला होता. नेपच्यूनचं दुसरं लिंबू साडेचार किलोमीटरवर, शिवेच्या बांधाला. आज सकाळी सरपंचांचा फोन. "सर, शिवेवर कुणीतरी करणी केलीय, ऊसतोडीची माणसं रानात उतरेनात." मी विचारलं, बांबूला लिंबू आहे का? "हो, तुम्हाला कसं माहीत?"

जाऊन पाहिलं. नेपच्यूनला हळदकुंकू वाहिलेलं, पायथ्याशी भाताची मूद. मुकादमाला तासभर समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ग्रह असेल, पण लिंबू काढा. काढलं. मुकादमाचं चुकलं असं मला वाटत नाही, तीनरस्त्याला खोचलेल्या लिंबाचा अर्थ या भागात एकच आहे आणि मला तो कळायला हवा होता.

दोन्हीकडे आता पाच सेंटिमीटरचे प्लॅस्टिकचे चेंडू. चित्रकलेच्या सरांनी नेपच्यून गडद निळा रंगवायला घेतला होता, थांबवलं. तो गडद निळा रंग व्हॉयेजर २ यानाच्या छायाचित्रांचा रंग वाढवल्यामुळे रूढ झाला. २०२४ च्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं की युरेनस आणि नेपच्यून दोन्ही जवळपास सारखेच, फिकट हिरवट-निळे. एकाच डबीत दोन्ही रंगले, रंगही वाचला. खाली पाट्या : युरेनस, हर्शेल, १३ मार्च १७८१. नेपच्यून, ल व्हेरियेचं गणित आणि गालेची दुर्बीण, २३ सप्टेंबर १८४६. शोध लागल्यापासून त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंती, शिवनेरीकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ. उसाच्या ट्रॉलीने युरेनसचा बांबू आडवा केला. युरेनसचा अक्ष ९८ अंश कललेला असल्यामुळे पोरांचं म्हणणं, तसाच राहू द्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या विज्ञान दिन, पण २८ ला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सगळ्यांना खुली असते आणि निम्मी शाळा तिथं जाते. म्हणून आमची फेरी आज. बासष्ट मुलं, पाच शिक्षक, पुढे-मागे मोटरसायकली.

सुरुवात प्रकाशाच्या चालीने. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर, आमच्याकडे सेकंदाला ३० सेंटिमीटर. पाचवीचा एक पोरगा भिंतीपासून निघाला, शिट्टीच्या ठेक्यावर एक-एक फूटपट्टी पुढे टाकत. बाकीची आधी हसली, मग वैतागली. बुधाला सव्वातीन मिनिटं. शुक्राला सहा. पृथ्वीला पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद, तोवर निम्म्यांनी टाकीवर पाणी पिऊन घेतलं. आपण रोज आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य पाहतो हे वाक्य मी दरवर्षी सांगतो. आज पहिल्यांदा कुणाचे पाय दुखले.

पुढे त्याला सोडून दिलं आणि आम्ही साध्या चालीने निघालो, म्हणजे प्रकाशाच्या चौपट वेगाने. विज्ञानाच्या शिक्षकाने असं लिहायला नको, पण हिशेब तसा आहे. शनीपाशी, टोमॅटोच्या शेडजवळ, थांबून त्याच्या टायटन या चंद्राचा दाणा दाखवला. त्यावर दाट वातावरण आहे आणि १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथं उतरलं. शनीचे चंद्र किती, तर मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ची भर पडून २७४. सगळे लावायला ज्वारी पण फार मोठी.

नेपच्यूनला पोचलो तेव्हा साडेअकरा. मागे वळून शाळा दिसते का पाहिलं. गिरणीचं धुराडं दिसलं, भिंत नाही. दिसली असती तरी पिवळं वर्तुळ इथून ठिपक्यापलीकडे नसतं. पाठीशी उसाची पाचट पेटलेली, समोर कालवा, हातात पाच सेंटिमीटरचा चेंडू. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग कुणीतरी चिक्कीचा पुडा फोडला.

चिक्की खाताना प्रश्न आला : "सर, पुढचा सूर्य कुठं?" आधी व्हॉयेजर १ सांगितलं. १९७७ ला निघालं, आता आमच्या प्रमाणात साधारण २५ किलोमीटरवर, म्हणजे मंचर ओलांडून पुढे. माणसाने पाठवलेलं त्यापुढे काही नाही. मग प्रॉक्झिमा, सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षं. रस्त्याच्या धुळीत काठीने गणित मांडलं : चाळीस लाख कोटी किलोमीटर भागिले शंभर कोटी. चाळीस हजार किलोमीटर.

आठवीच्या मॉनिटरने भूगोल सोडला नव्हता. "सर, पृथ्वीचा घेर पण चाळीस हजारच आहे." थोडं थांबून, "म्हणजे सरळ चालत गेलो तर परत आपल्या शाळेतच येणार."

"मागच्या बाजूनं," पाचवीचा प्रकाश म्हणाला. तो मोटरसायकलवर बसून आला होता.

२ मार्च, सोमवार

सकाळी भिंतीच्या मागच्या बाजूला लाल खडूने काढलेलं वर्तुळ सापडलं. मोजलं तर व्यास २१ सेंटिमीटर, म्हणजे पोरांनी प्रॉक्झिमाचं माप कुठून तरी बरोबर काढलंय. शेजारी बाण आणि 'चालत या'. ऑइलपेंटने पक्कं करायचंय. अडचण एकच, तिथं मुख्याध्यापकांची गाडी लागते.